चिलिका सरोवर सावरले कसे?

प्रश्न (पैठण): नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी पाहणाऱ्या आम्हा मंडळींना ओडिशातील चिलिकाविषयी कुतूहल आहे. १९८१ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) असलेले हे खाजण-सरोवर १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळींच्या नोंदीत कशामुळे गेले आणि पुढे सावरले कसे?

उत्तर (नांदेड): नद्यांचा गाळ आणि सरकता वाळूचा दांडा यांमुळे समुद्राकडील मुख आक्रसत गेले, परिणामी खारटपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी रोडावली. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदल्यावर भरतीचे पाणी पुन्हा आत खेळू लागले, समुद्रातून मासे, कोळंबी व खेकड्यांची पिल्ले येऊ लागली आणि २००२ मध्ये सरोवर त्या नोंदीतून वगळले गेले.

उत्तर (परभणी): उत्तम माहिती, परंतु तेथील इरावती डॉल्फिनना मासेमारीची जाळी आणि पर्यटकांच्या मोटारबोटी यांचा धोका आहेच, हे कौतुकाच्या भरात कोणी सांगत नाही.

प्रश्नकर्ता: नाथसागरासाठी यातून काही घेता येईल काय?

उत्तर (नांदेड): मुख खोदण्याचा उपाय येथे गैरलागू आहे, कारण हा गोदावरीवरील धरणाचा गोड्या पाण्याचा जलाशय आहे. येथे पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा उथळ काठच चिखलपक्ष्यांना खाद्य पुरवतो. तेव्हा लक्ष त्या काठाकडे हवे.