बिरबल हुशार असेल, पण बेरकी नाही

कृष्णाकाठ :
काल कट्ट्यावर विषय निघाला, आपल्या गोष्टींतलं सगळ्यात बेरकी पात्र कोण, आणि सगळे बिरबल बिरबल करत बसले. मला नाही पटत राव. त्यानं खिचडी टांगली, बादशहा हसला, गरिबाला बक्षीस मिळालं, झालं, दरबार होता तसाच. खरी बेरकी ती भोपळ्यातली म्हातारी. अंगात ताकद नाही, मागंपुढं कोण नाही, आणि वाघाला सांगते लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा. वाघाला त्याच्याच हावरटपणात अडकवलं की!

मिरजवाला :
दरबार तसाच राहिला म्हणून बिरबल बाद? मग म्हातारीनं तरी जंगल कुठं बदललं, वाघ तिथंच आहे अजून. खरा बिरबल १५८६ मध्ये युसुफझाईंवरच्या मोहिमेत मारला गेला, हे किस्से बहुतेक नंतर लोकांनीच रचले. बादशहाला तोंडावर बोलणारा कोणीतरी लोकांना पाहिजे होता, तो त्यांनी बनवून घेतला.

सातारी तिखट :
तुम्ही दोघं पण लबाडीला हार घालताय. पंचतंत्रातला दमनक कोल्हा आठवा. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल, चांगली दोस्ती, ह्यानं इकडचं तिकडं सांगून दोघांना भिडवलं, बैल मेला आणि हा परत राजाच्या मर्जीत. त्याचा जोडीदार करटक समजावत होता तरी ऐकलं नाही. आमच्याकडं एकच प्लॉट दोघांना विकणाऱ्यालाही लोक "लई डोकं हाय गड्याला" म्हणतात, ते ह्याच गोष्टी ऐकून.

कृष्णाकाठ :
दमनक काय दुबळा नव्हता ओ, मंत्र्याचा पोरगा तो. खुर्चीसाठी केलेलं कारस्थान आणि जीव वाचवायला मारलेली थाप एका मापानं कशी मोजायची?

वगवेडा :
कवलापूरच्या तमासगीर काळू-बाळूंच्या मुलखात बसून सोंगाड्याचं नाव कुणी घेईना म्हणजे कमाल झाली. गौळणीत बघा, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो, दान द्या म्हणतो, आणि मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला गडी, कमरेवर हात ठेवून साक्षात देवाची हजेरी घेते. पुढं बतावणीत सरदार ऐटीत एक विचारतो, सोंगाड्या मुद्दाम भलतंच ऐकतो, आणि मग गावात ज्याचं नाव घ्यायची कुणाची टाप नाही त्याला पण चिमटा बसतो. ह्यात कोण कुणाला लुटतंय सांगा.

सातारी तिखट :
चिमटे पाटलाला एक आणि बाईमाणसाला दहा, ते नाही दिसत का? समोर सगळे बापेच बसलेले, हसणारच.

मिरजवाला :
हा मुद्दा खरा आहे. तरी म्हणून पात्र बाद होत नाही. घानातल्या अकान लोकांचा अनान्सी नावाचा कोळी घ्या, जाळं विणणारा. जगातलं सगळं शहाणपण मडक्यात भरून झाडावर लपवायला निघाला, मडकं पोटाला बांधलेलं, चढता येईना, शेवटी त्याचाच पोरगा म्हणाला बाबा पाठीला बांधा की. असला हावरट आणि फजिती होणारा, तरी गुलाम करून नेलेल्या लोकांनी ह्याच्याच गोष्टी जमैकापर्यंत नेल्या. सज्जन पाहिजे असता तर दुसरा कोणीतरी नेला असता.

सातारी तिखट :
त्यांचं चाबकाखालचं जगणं होतं, त्यांना कोण नावं ठेवतंय. ज्याच्या हातात सातबारा आहे त्यानं म्हातारीचा भोपळा कशाला वापरायचा एवढंच विचारतोय मी.

वगवेडा :
त्याचा पण वग होतो. सोंगाड्या तयार आहे, तुम्ही फक्त नाव सांगा त्याचं.