जुन्या गाडीची किंमत आधीच ठरवून विमा: चोचले की हक्क?

वणीचा_स्टॉर्मवाला
‘काळी_माती’ यांनी परवा लिहिलं : “पंधरा वर्षांवरच्या गाडीचा पूर्ण विमा काढणारा एक तर अडाणी, नाही तर पैशानं माजलेला. थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा, काढा अन् गप बसा. ॲग्रीड व्हॅल्यू, म्हणजे किंमत आधीच ठरवून विमा, हे पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांचे चोचले.” डोकं फिरलं, म्हणून लांब लिहितो.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात बनलेली, दोन सीटची, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, फायबरचं अंग. कंपनी कधीचीच बंद. विमा नव्यानं काढायला गेलो तर काउंटरवरच्या पोराच्या यादीत हे मॉडेलच नाही. म्हणतो, “काका, साठ हजार टाकू का?” साठ हजारांत नीट रंगही होत नाही तिचा!

वयानुसार गाडीची किंमत कमी करायचा घसाऱ्याचा तक्ता फक्त पाच वर्षांपर्यंत चालतो. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, असं वाढत पाचव्या वर्षी ५०. त्यापुढच्या आणि बंद झालेल्या मॉडेलची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, विमा कंपनी अन् मालकानं आपसात ठरवायची, असं नियमच सांगतो. म्हणजे ठरवायचा हक्क कागदावर आहेच. इंग्लंड-अमेरिकेत तो नीट वापरतात. फोटो, बिलं, जाणकाराचं मूल्यांकन घेऊन आकडा पॉलिसीवर छापतात, अन् गाडी पूर्ण गेली की तेवढे पैसे देतात. मागून बाजारभाव काढून घासाघीस नाही. यात माज कुठं आला?

काळी_माती
‘माजलेला’ शब्द मागे घेत नाही. तिकडच्या अटी का गिळल्या? कुलूपबंद गॅरेज पाहिजे, रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी पाहिजे, क्लासिक गाडी कामावर न्यायची नाही, अन् बऱ्याच पॉलिसीत किलोमीटरवरही बंधन. आपल्याकडं गाडी कोठ्यात उभी, बाजूला सोयाबीनच्या कुटाराचा ढीग, बॉनेटखाली उंदीर. तिथं आठ लाखाचा आकडा कोण छापून देईल? अन् दिलाच, तर पुढच्या उन्हाळ्यात किती ‘क्लासिक’ कुटारासोबत आपोआप पेटतील ते पाहा.

वणीचा_स्टॉर्मवाला
म्हणजे मी माझी गाडी जाळणार? तोंड सांभाळून लिहा. गाडी कोठ्यात नाही, शटरच्या खोलीत असते. कोळशाच्या ट्रकांची धूळ सोडली तर तिला कशाचाच त्रास नाही.

निवृत्त_सर्व्हेअर
दोघंही टोटल लॉसवरच, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर काय यावरच, भांडताय. माझ्याकडं गावाकडच्या जुन्या गाड्या यायच्या त्या रोही (नीलगाय) नाही तर रानडुक्कर आडवं आल्यावर. म्हणजे समोरचा बंपर, लाइट, रेडिएटर. तिथं ठरवलेल्या किमतीचा काय उपयोग? साध्या पॉलिसीत फायबरच्या भागावर ३० टक्के कापतात, रबर-प्लास्टिक, टायर, बॅटरीवर ५०, अन् गाडी दहा वर्षांवर गेली की धातूच्या भागांवरही ५०. स्टॉर्मचा बंपर बाजारात मिळत नाही, कारागीर हातानं घडवणार, बिल कच्चं देणार. ते बिल पास करून घेताना घाम फुटतो.

आणखी एक. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तरच गाडी टोटल लॉस धरतात. साठ हजारांवर ती रेषा ४५ हजारांची, आठ लाखांवर सहा लाखांची. आकडा मोठा केला की हप्ता वाढतो अन् रेषाही वर जाते. मधल्या सगळ्या नुकसानीत पुन्हा घसारा आहेच.

अन् कोणी ‘व्हिंटेज म्हणून नोंदवून टाका’ म्हणायच्या आधीच सांगतो. २०२१ च्या नियमात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं लागतात. गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. नव्या नोंदणीचे २० हजार. त्यावर २०२२ पासून थर्ड पार्टीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते, हे खरं. पण नव्वदीच्या शेवटी आलेल्या स्टॉर्मला अजून वीसेक वर्षं थांबा.

वरुडचा_संत्रा
बाप्पा, आकडा छापून भेटला म्हनजे पैसे भेटते असं कोन सांगतलं तुमाले? आमच्या पीकविम्यात आकडा तं आधीच छापेल असते, हेक्टरी इतकी विमा रक्कम. मंग काय होते? उन्हानं माह्या बगिच्यातली अंबिया बहाराची संत्री गळली, अन् महसूल मंडळाच्या हवामान केंद्रात पारा ठरल्या आकड्याच्या खालीच. झालं. शून्य.

पांढरकवडा_पऱ्हाटी
आमच्याकडं तर केंद्रही नाही, नमुन्याच्या वावरात पीक कापून काढलेलं मंडळाचं सरासरी उत्पन्न धरतात. माझं वावर खरडून गेलं, पण पीक कापणी प्रयोग ज्याच्या वावरात झाला त्याची पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी. उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई तो आकडा, ओलांडलं, विषय संपला. एक रुपयाचा विमा २०२३ च्या खरिपात आला तेव्हा अर्ज भरणाऱ्यानं शंभर घेतले. २०२५ मध्ये एक रुपया गेला, कपाशीचा हप्ता आला. शंभर मात्र तसेच.

वणीचा_स्टॉर्मवाला
हा धागा गाड्यांचा आहे. पीकविम्याचा वेगळा काढा.

वरुडचा_संत्रा
काहून? तुमची हौस अन् आमचं पोट, असं हाय का? तुमच्या गाडीले सर्व्हेअर तरी येऊन पाह्यते. माह्या झाडापाशी कोन आलं?

पांढरकवडा_पऱ्हाटी
सर्व्हेअर आला की वाचलो असं समजू नका. पुराच्या साली आमच्याकडं एक आला, बांधावर उभा राहून फोटो काढला, बूट ओला होऊ दिला नाही. कागदावर नुकसान निघालं नावापुरतं.

निवृत्त_सर्व्हेअर
तो पीकविम्याचा माणूस, मोटारीचा नव्हे. सरसकट बोलू नका. उन्हात ट्रकखाली झोपून चेसिस नंबर घासून काढलेत आम्ही.

काळी_माती
वरुडच्या भावानं फुकटात माझी बाजू मांडली. किंमत ठरवून उपयोग नाही, नुकसान कोण मोजतो अन् कशावरून, तिथं सगळं अडतं. हां, गाडी चोरीला गेली तर तेवढं मोजमाप लागत नाही, तिथं ठरलेला आकडा कामाचा. घ्या, एवढं दान दिलं.

वणीचा_स्टॉर्मवाला
दान नको. चोरी, आग, पूर यांत गाडी पूर्ण गेली तर तोच आकडा लागतो, म्हणून तर साठ हजारावर सही करत नाही. सर्व्हेअरसाहेब, कागद कोणते जोडू तेवढं सांगा.

निवृत्त_सर्व्हेअर
मूल्यांकनाचा अहवाल, तारखेसह फोटो, केलेल्या कामाची पक्की बिलं. सगळं पॉलिसी निघायच्या आधी द्या अन् पोच घ्या. तोंडी ‘हो काका’वर जाऊ नका. तरी काउंटरवाला वरच्या ऑफिसला विचारतो म्हणेल. म्हणू द्या, लेखी मागा.

काळी_माती
अन् मूल्यांकनाची फी?

वणीचा_स्टॉर्मवाला
मीच भरणार. तुमच्याकडं मागितली का?

पांढरकवडा_पऱ्हाटी
ते ठीक आहे, पण पीक कापणी प्रयोगाचा प्लॉट कोण निवडतो ते कोणाला माहीत आहे का? आमच्या तलाठ्याला विचारलं तर म्हणे वरून यादी येते. वर विचारलं तर म्हणे तलाठ्याकडं आहे.