मदत हवी आहे: बाबांची उचकी तिसऱ्या दिवशीही थांबेना

वडील, वय ६८. परवा रात्री जेवताना उचकी लागली ती अजून चालूच. गाढ झोपले की थांबते, कूस बदलली की पुन्हा सुरू. श्वास रोखणं, बर्फाचं पाणी, लिंबाची फोड चोखणं, सगळं झालं. (कोण आठवण काढतंय म्हणून आत्याने अख्ख्या भावकीची नावंही घेतली!) डायबेटिस आहे, त्यामुळे जिभेवर साखर नको. ताप, उलटी, छातीत दुखणं, बोलताना अडखळणं यातलं काही नाही. नवीन एकच गोष्ट: परवा सकाळीच गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. ४८ तास उलटून गेलेत, म्हणून उद्या डॉक्टरांकडे नेतोच आहे. या इंजेक्शननंतर कुणाला अशी उचकी लागली होती का? किती दिवसांनी थांबली? आणि आधी फिजिशियनला दाखवू की इंजेक्शन देणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांनाच?