सुप्रीम कोर्टाच्या नावावर काहीही खपवू नका

गंगावेशकर
काही दिवसांपासून एक पोस्ट फिरतेय. 'सुप्रीम कोर्टानं देशातली सगळी भटकी कुत्री कायमची कोंडायला सांगितलीत. रस्त्यात भाकरी टाकणाऱ्याला 25 हजार दंड. दिसला की फोटो काढा.' या पोस्टपायी परवा आमच्या गल्लीत पोरांनी एका आजींच्या हातातली ताटली हिसकावून घेतली. दूधभात रस्त्यावर सांडला, आजी तिथंच पायरीवर बसून राहिल्या. म्हणून सविस्तर लिहितोय.

तीन आदेशांची भेळ झालीय. 11 ऑगस्ट 2025 चा पहिला, दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता: सगळी उचला, परत सोडू नका. अकरा दिवसांत, 22 ऑगस्टला, न्या. विक्रम नाथ यांच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला. नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून धरलं तिथंच सोडा. पिसाळलेली आणि अंगावर धावणारी तेवढी सोडायची नाहीत. खायला घालायचं तर वॉर्डात ठरवून दिलेल्या जागीच. शिवाय सगळ्या राज्यांना या खटल्यात ओढलं. तिसरा 7 नोव्हेंबरचा: शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडासंकुलं इथली कुत्री उचलायची आणि पुन्हा तिथं सोडायची नाहीत.

आणि ते 25 हजार? जे प्राणिप्रेमी त्या खटल्यात म्हणणं मांडायला गेले त्यांनी भरायची ती रक्कम होती. संस्थांना 2 लाख. गल्लीतल्या आजींचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

उपनगरातली आई
तारखा पाठ आहेत तुमच्या, चांगलं आहे. माझा मुलगा सात वर्षांचा. क्लासवरून येताना पोटरीला चावलं. पांढरा मोजा लाल झालेला, आणि मी नळाखाली पंधरा मिनिटं साबणानं पाय धुतेय, तो किंचाळतोय. दवाखान्यात जखमेतच सुई घातली. नंतरच्या डोसांना तो दारातच बसून घ्यायचा. 'जिथून धरलं तिथंच सोडा' हे तुम्ही त्याला सोप्या भाषेत समजावून सांगा. मला ते पटत नाही, सुप्रीम कोर्टानं सांगितलं तरी पटत नाही.

गंगावेशकर
ताई, पटू नये हे मी समजू शकतो. पण कोर्ट काय म्हणालं आणि आपल्याला काय हवंय हे वेगळं ठेवा, एवढंच म्हणतोय.

शिरोळकर
कोर्ट काय म्हणालं ते आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीला विचारा. माधुरी हत्तीण तेहतीस वर्षं तिथल्या जैन मठात होती. 16 जुलै 2025 ला हायकोर्टानं तिला गुजरातेतल्या वनतारा या प्राण्यांच्या केंद्रात पाठवायचा आदेश दिला, 28 ला सुप्रीम कोर्टानं मठाची याचिका फेटाळली, त्याच रात्री ती गेली. माझी आई दर अमावास्येला तिला केळी न्यायची. त्या रात्री घरी येऊन जेवली नाही. 3 ऑगस्टला नांदणीहून कलेक्टर कचेरीपर्यंत 45 किलोमीटर चाललोय मी, पायाला फोड आले. कुत्र्याला 'जिथली तिथं सोडा' आणि हत्तीणीला गुजरात? हा कुठला न्याय?

वकिली करणारा
दादा, एक दुरुस्ती. सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाच्या आदेशात हात घातला नाही, म्हणून तो आदेश टिकला. याचिका फेटाळणं आणि त्या प्रश्नावर देशभरासाठी कायदा ठरवून देणं या दोन गोष्टी आहेत. 'सुप्रीम कोर्टानं मठांचे हत्ती काढून घ्यायला सांगितले' असं जे लोक सांगत सुटलेत ते चूक आहे.

शिरोळकर
साहेब, कायद्याचा कीस तुम्ही पाडा. आमची हत्तीण गेली ती गेलीच ना?

जनावरांची डॉक्टरीण
शिरोळकर, मी रागावूनच लिहितेय. तिच्या पायाच्या जखमा, सांधे, नखं यावर कोर्टानं नेमलेल्या उच्चाधिकार समितीपुढे अहवाल होते. हत्ती कळपात राहणारं जनावर. फरशीवर, साखळीत, एकटं ठेवून वर्षानुवर्षं मिरवणुकीत चालवायचं आणि त्याला माया म्हणायचं? केळी आणणाऱ्या आईंबद्दल आदर आहे. पण केळ्यानं पाय बरा होत नाही.

शिरोळकर
आमच्या मायेवर बोलायचं काम नाही! मठानं उपाशी ठेवली होती का?

जनावरांची डॉक्टरीण
उपाशी कोण म्हणालं? मी पायाबद्दल बोलतेय. तुम्ही पाय पाहिला होता का, एवढंच सांगा.

जुना पक्षकार
यात एक गोष्ट कुणी बोलत नाही. हत्तीणीची सुनावणी मुंबईत झाली आणि महिन्याभरानं, 18 ऑगस्टला, इथं कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांनी चार दशकं मागितलेलं. वडिलांच्या जमिनीच्या दाव्यापायी मी अकरा वर्षं रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठली. सकाळी कळायचं, तारीख पुढं गेली. आज सीपीआर दवाखान्यासमोर चहा पिऊन कोर्टात जाता येतं. वडील बघायला राहिले नाहीत.

वकिली करणारा
काका, तुमच्या दुःखाशी सहमत, पण धागा कुत्र्यांचा आहे.

जुना पक्षकार
निकाल इंग्रजीत, कोर्ट लांब, म्हणूनच असल्या पोस्टी खपतात. धागा सोडून नाही बोललो मी.

शिरोळकर
डॉक्टरीणबाई, रात्रभर विचार केला. पाय पाहिला होता. मागचा. बरा नव्हता. हे मी आईसमोर म्हणणार नाही. पण उपचार नांदणीत करता आले असते, यावर मी ठाम आहे. वनताराच आता इथं केंद्र बांधायला तयार झालं, मग आधी का नाही सुचलं कुणाला?

जनावरांची डॉक्टरीण
हा प्रश्न रास्त आहे. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

उपनगरातली आई
तुमचा हत्ती झाला असेल तर माझ्या पोराच्या शाळेकडं या. मागची भिंत पडलीय, मैदानात पाच कुत्री झोपतात. त्या नोव्हेंबरच्या आदेशात शाळेला काय आहे?

वकिली करणारा
ताई, आहे. कुंपण घालायला आठ आठवडे दिले होते. आवाराची जबाबदारी घेणारा एक अधिकारी नेमायचा. महापालिकेनं तीन महिन्यांतून निदान एकदा येऊन पाहायचं. तिथली कुत्री उचलली की परत सोडायची नाहीत, तुम्हाला हवं होतं तेच.

उपनगरातली आई
मग गंगावेशकरांनी हे तिसरं आधी ठळक लिहायचं होतं.

गंगावेशकर
बरोबर. आजींच्या ताटलीच्या रागात तुमची बाजू एका ओळीत उरकली मी.

उपनगरातली आई
अर्ज कुणी लिहून देईल का? सोमवारी देते.

वकिली करणारा
रात्री पाठवतो. खाली मुख्याध्यापकांची सही घ्या, पडक्या भिंतीचा फोटो जोडा आणि पोच घेतल्याशिवाय महापालिकेतून हलू नका.