१० आठवड्यांचं बाळ, सारखी गुळणी, आता म्हणतात दुधाची अ‍ॅलर्जी. मी काही चुकतेय का?

जागी_आई
रात्रीचे तीन वाजलेत, मुलगी खांद्यावर झोपलीय म्हणून एका हाताने टाइप करतेय, चुका समजून घ्या. फक्त अंगावर पिते. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक वेळी पाजलं की दूध बाहेर, कधी लगेच पाण्यासारखं तर कधी तासाभराने फाटलेलं, आणि पिता पिता मध्येच सोडून पाठीची कमान करून किंचाळते, परत तोंड लावते, परत सोडते. सगळे म्हणाले लहान बाळं ओकतातच, म्हणून मी गप्प बसले. पण मागे शीमध्ये शेंबडासारखं चिकट आणि रक्ताच्या बारीक रेघा दिसल्या, गालांवर खरखरीत पुरळ पण आलंय. डॉक्टरांनी मला ४ आठवडे दूध आणि दुधाचं सगळं बंद करायला सांगितलंय. आज ९ दिवस झाले, फरक अगदी थोडा. मी खाल्लेलं तिला कसं बाधतं? घरात कोणी म्हणतं तूच दूध प्यायली नाहीस तर तुला दूध येणार कुठून, कोणी म्हणतं अंगावरचं सोड आणि बाटली लाव. खूप रडू येतंय.

दोघांची_आई
अगं आधी हे ऐक, तुझं दूध वाईट नाहीये. आपण जे दूध-दही खातो त्यातल्या प्रोटीनचा अगदी थोडा अंश अंगावरच्या दुधात उतरतो आणि काही बाळांच्या आतड्याला तेवढाही चालत नाही, एवढंच. दूध न पिता दूध येतं, बाळ जितकं ओढेल तितकं येतं, फक्त तुझ्या कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिनचं डॉक्टरांना विचार. ९ दिवस म्हणजे काहीच नाही, शी साफ व्हायला माझ्या मोठ्याला तीन आठवडे लागले. आणि सगळ्या डब्यांवरचं बारीक अक्षरातलं वाच, केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स असं काहीही असलं तरी ते दूधच. मी सगळं सोडलं होतं आणि बाळंतिणीसाठी म्हणून कोणीतरी आणलेली पावडर रोज दोन वेळा पाण्यातून घेत होते, त्यात निम्मं दूधच होतं! बाराव्या दिवशी लक्षात आलं.

अजून एक, ४ आठवड्यांनी बरं वाटलं तर डॉक्टरांना विचारून मुद्दाम परत दूध घेऊन बघायचं असतं. मी घाबरून नको म्हणत होते, शेवटी घेतलं तर तिसऱ्या दिवशी परत रेघा, तेव्हा खात्री पटली. धाकटीच्या वेळी मात्र परत घेतल्यावर काहीच झालं नाही, तिचा नुसता रिफ्लक्स होता, म्हणजे पोटातलं दूध वर यायचं, वर्षाच्या आत आपोआप थांबला. तपासून बघितलं नसतं तर उगाच कितीतरी महिने दुधाशिवाय काढले असते.

बाबा_रात्रपाळी
आमचा बाटलीवर होता, त्याला प्रोटीन बारीक तोडलेलं खास फॉर्म्युला दिलं. वास उग्र, चव कडवट, पहिले दोन दिवस तोंड फिरवायचा, शी हिरवी झाली तेव्हा मी घाबरलो पण त्या दुधावर तशी होते म्हणे. ताई, तुमचं अंगावरचं चालू आहे तर घाईत सोडू नका. आमच्या डॉक्टरांनी एकदा ५ मिली पाणी दुपट्यावर ओतून दाखवलं, एवढा मोठा डाग! तेव्हापासून डागाकडे न बघता वजन आणि ओले डायपर बघायला लागलो. पाजल्यावर २०-३० मिनिटं उभं धरायचो, झोपवताना मात्र पाठीवर, सपाट गादीवर, उशी किंवा उतार काही नाही.

नवी_मावशी
बकरीचं दूध देऊन बघा ना, हलकं असतं.

दोघांची_आई
नको गं, प्लीज नको. बकरीच्या, म्हशीच्या दुधातलं प्रोटीन गाईच्या दुधासारखंच असतं, बहुतेक बाळांना तेही बाधतं, आणि वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून तसंही ते पुरेसं नाही. लॅक्टोज नसलेल्या दुधाचाही उपयोग नाही, लॅक्टोज ही साखर आहे, त्रास प्रोटीनचा आहे. जागी_आई, रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली तरी गोंधळू नकोस, असा उशिरा दिसणारा प्रकार त्यात सापडत नाही. पण उलटी हिरवी झाली, लांब उडायला लागली, उलटीत रक्त आलं, ताप आला, बाळ मलूल झालं किंवा शू कमी झाली तर वाट बघू नकोस, तशीच निघ. चेहऱ्यावर सूज आली किंवा श्वासाला त्रास झाला तरीही.

जागी_आई
ताई, तुमचं वाचून उठले आणि पावडरचा डबा बघितला. दुसऱ्याच ओळीत मिल्क सॉलिड्स. रोज सकाळ-संध्याकाळ घेत होते, पहिल्या दिवसापासून. डबा खाली काढून ठेवलाय, उद्यापासून पुन्हा दिवस एक मोजते. ती अजून खांद्यावरच आहे, आता शांत आहे.