थंड करताना डाव्या बाजूचा निर्स (कपाळावरच्या सेन्सरने मोजलेली मेंदूतल्या ऑक्सिजनची टक्केवारी) पडतोय, आधी काय तपासायचं?

फेलो, कार्डिॲक ॲनेस्थेशिया:
३ किलोचं नवजात, महाधमनीच्या कमानीची दुरुस्ती. पंप (हार्ट-लंग मशीन) सुरू, १८ अंशांपर्यंत थंड करायचंय. उजवा निर्स ७५ वर चढतो, डावा मात्र ६२ वरून ४५ वर येतो. उजव्या रेडियलचं (मनगटातल्या धमनीचं) प्रेशर व्यवस्थित. अशा वेळी तपासायचा क्रम काय ठेवता?

परफ्युजनिस्ट:
सेन्सर सुटलाय का, मान वळलीय का, हे आधी बघा. दहा सेकंदांचं काम आहे. ते ठीक असेल तर संशय थेट आर्टिरियल कॅन्युलावर, म्हणजे पंपातून धमनीत रक्त सोडणाऱ्या नळीवर. टोक इनॉमिनेटमध्ये (डोक्याच्या उजव्या बाजूला आणि उजव्या हाताला रक्त देणाऱ्या धमनीत) जास्त आत गेलं की सगळा प्रवाह उजवीकडे जातो. उजवी रेडियल लाइन त्याच बाजूची, म्हणून तिचं प्रेशर छानच दिसणार. त्यावर विसंबू नका. सर्जनना सांगून कॅन्युला किंचित मागे घेतली की आकडा बहुतेकदा वर येतो.

दोन्ही बाजू एकदम पडल्या तर कारण वेगळं. बाळाच्या डोक्यावरच्या मऊ टाळूवर बोट ठेवा. ती ताठ असेल, चेहरा सुजत असेल, तर एसव्हीसीचा (डोक्याकडून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरेचा) निचरा अडलाय. पंपाचा फ्लो बरोबर असूनही रक्त डोक्यातच साठतं. निचरा नीट असेल तरच फ्लो (नवजातात साधारण १५० मिली/किलो/मिनिट), हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) आणि कार्बन डायऑक्साइड तपासा. हिमॅटोक्रिट २५ च्या खाली जाऊ देऊ नये. रक्त २० पर्यंत पातळ केलेल्या बाळांचा पुढचा विकास मागे राहिल्याचं चाचण्यांत दिसलंय.

सर्जन:
वरच्याशी सहमत. एक भर: थंड करण्यात घाई नको, किमान २० मिनिटं द्या आणि पीएच-स्टॅट (थंडीतही कार्बन डायऑक्साइड मिसळून रक्ताचा पीएच नेहमीसारखा राखायची पद्धत) ठेवा. कार्बन डायऑक्साइडने मेंदूच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात, त्यामुळे मेंदू सगळीकडे सारखा थंड होतो. रक्ताभिसरण पूर्ण थांबवावं लागलं तर बॉस्टनच्या अभ्यासात साधारण ४१ मिनिटांनंतर धोका वाढत गेला. पण ४० पर्यंत निर्धास्त, असा त्याचा अर्थ काढू नये.

फेलो:
आणि फक्त मेंदूला रक्त देताना निर्स ९५ आला तर समाधान मानायचं?

परफ्युजनिस्ट:
नाही. ३० ते ५० मिली/किलो/मिनिट पुरतं. गरजेपेक्षा जास्त दिलं तर मेंदूला सूज येते. खरी चूक मात्र पुन्हा गरम करताना होते. रक्त गरम करणारं पंपाचं पाणी आणि बाळ यांच्यात १० अंशांपेक्षा जास्त फरक नको, ऑक्सिजनेटरमधून (पंपाच्या कृत्रिम फुफ्फुसातून) निघणारं रक्त ३७ च्या वर नको. तिथल्या आउटलेटचा आकडा मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताच्या तापमानापेक्षा कमी दाखवतो, म्हणून थोडं आधीच थांबा.

आयसीयू, बालहृदयविभाग:
पुढची सूत्रं आमच्याकडे. पल्मनरी (फुफ्फुसातल्या धमन्यांचं) प्रेशर उतरवायला व्हेंटिलेटर जोरात चालवून कार्बन डायऑक्साइड खाली ढकलला की मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. तो ३५-४५ मिमी एचजीमध्ये ठेवा. ताप लगेच उतरवा. साखर घट्ट बांधून ठेवायच्या नादात बाळ हायपोग्लायसेमियात (साखर फार कमी होण्यात) जातं, ते जास्त घातक.

झटके मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, कारण बाळ रिलॅक्संटवर (स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावर) असतं. विनाकारण नाडी-रक्तदाब वरखाली होत असेल तर संशय घ्या. जमलं तर पहिले ४८ तास सलग ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) लावा. झटके पकडले गेले तर फेनोबार्बिटोन (झटके थांबवणारं औषध) २० मिग्रॅ/किलो, आणि देताना रक्तदाबावर नजर, कारण तो पडतो.