मदत हवी आहे: हायड्रोजनच्या हवेत प्राणी ऊब कशी धरेल?

दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितेय. ग्रहावर उणे 60 अंश, हवा जवळजवळ निव्वळ हायड्रोजनची, दाब पृथ्वीइतकाच. प्राणी उष्ण रक्ताचा, गाईएवढा, पळणारा. म्हणून सीलसारखी जाड चरबी नको.

दाट लव देऊन पाहिली. पण लव ऊब धरते ती केसांत अडकलेल्या हवेमुळे, आणि हायड्रोजन हवेच्या सुमारे 7 पट उष्णता वाहून नेतो. मग कातडीखाली कार्बन डायऑक्साइडच्या बंद पिशव्या सुचल्या. तो पोटातल्या आंबण्यातून मिळेल, शिवाय हवेहून कमी उष्णता वाहतो. पुण्यातल्या आमच्या वाचनगटातले भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, हायड्रोजन झिरपून आत शिरणारच. माशांच्या वाताशयात (तरंगायला मदत करणारी पोटातली वायूची पिशवी) ग्वानीन या पदार्थाचे स्फटिक वायू अडवतात, तसं इथे जमेल का? आणि उत्क्रांतीत पिशवी अर्धवट घडलेली असताना, ऊब धरू लागण्याआधी, ती कशासाठी टिकली असेल?